कोटातला माणूस आमचा नाय

नाय वन्सं, नाय उतरवणार. तुम्ही फोनवर तीनदा विचारलं, मी तीनदा आवाज येत नसल्याचं सोंग केलं, म्हणून आता कागदावरच लिहून देते. तुमच्या भावाचा तो हललेला फोटोच भिंतीवर राहील. (नमस्कार घ्या, आधी घ्यायचा राहिला. गुडघा कसा हाय? पापड वाळवायला गच्चीवर चढू नका म्हटलं होतं, चढलाच असाल.)

तुम्ही म्हणता, वर्षश्राद्धाला चार पाव्हणे येतील, तो फोटो दिसला तर मी उंबरा चढणार नाय. खरा राग याचा की तुमच्या ज्ञानेशनं कॉम्प्युटरवर बसून बनवलेला मोठा फोटो मी कपाटामागं सारला. आता पोराच्या हातात कला हाय, मी कुठं नाय म्हणते? लग्नाचे फोटो असे काढतो की नवरी सासरच्यांना ओळखू येत नाय. इथंही तेच झालं ना! ज्या माणसानं उभ्या जन्मात पायजमा सोडला नाय, त्याला कोट घातला, टाय बांधला. पडलेला दात बसवला, गालावरचा मस पुसला, अन् रंग तर असा उजळला की जणू टमाट्याच्या वावरात कधी पाय ठेवलाच नसंल. रोज सकाळी हार घालताना मला वाटायचं, कोण्या परक्या सायबाला घालतेय. दोन दिवस तर मी डोक्यावर पदर घेतला.

आता माझा फोटो. कबूल हाय, टोपी अर्धी कापलीय, कोपऱ्यात माझा अंगठा आलाय, अन् सगळं भूकंपात काढल्यासारखं हललंय. पण त्या दिवशी काय झालं होतं, ते ऐका. विहिरीची मोटार तीन दिवस बंद, टमाट्यांनी माना टाकलेल्या, अन् हे घरात कोणाशी बोलेनात. चौथ्या दिवशी मोटार चालू झाली, पाण्याला जोर आला, अन् पायपाचा जोड सुटून फवारा थेट यांच्या तोंडावर. मी म्हटलं, आता शिव्या. तर हे हसायलाच लागले! चिंब भिजलेले, तोंड उघडं, पडलेल्या दाताची खिडकी सताड. मी फोन काढला अन् सापडंल तिथं बोट दाबलं. हात हलला, कारण मी पण हसत होते. आधी नीट उभे राहा म्हटलं असतं, तर नीट उभे राहिलेले तुमचे भाऊ मिळाले असते. तसले हायेत की माझ्याकडं, आधार कार्डावर. चोरासारखे दिसतात.

अन् दहाव्याला घाटावर काय झालं, ते तर तुम्ही डोळ्यानं पाहिलंय. पिंडाजवळ कोटवाला फोटो ठेवला, अन् तासभर एक कावळा खाली उतरेना. भटजी म्हणाले, इच्छा राहिली असंल, शब्द द्या. ज्ञानेशनं नव्या मोटारीचा शब्द दिला, तुम्ही गाय सांभाळायचा दिला (गाय माझी, शब्द तुमचा!). कावळे झाडावर ढिम्म. शेवटी मी पुढं झाले, तो फोटो पालथा घातला, फोनमधला हसरा फोटो पिंडापुढं धरला, अन् कावळा झपकन शिवला! तेव्हा तुम्हीच रडत म्हणालात, "वहिनी, दादानं स्वतःला ओळखलं." वर्षात विसरलात?

तर श्राद्धाला यायचं. भावाचं पान तुमच्याशिवाय वाढणार नाय. उंबरा चढायचा नसंल तर मागच्या दारानं या, तिथला उंबरा वाळवीनं खाल्लाय.

तुमची खोडील वहिनी,
यशोदा, सायखेडा

ता.क. भिंतीवरचा फोटो पोस्टकार्डाएवढाच हाय. ज्ञानेशला म्हणावं, मोठा करून आण. पण काही सुधारलंस तर जेवायला वाढणार नाय. अंगठा सुद्धा ठेवायचा. यांच्यासंगं माझा तेवढाच एक फोटो हाय.

आणखी एक. कावळ्याचं वर्षभर पोटात ठेवलं, आता सांगून टाकते. फोन माझ्या उजव्या हातात होता. डाव्या हातानं मी पिंडावर मूठभर शेव टाकली होती.