देव बाजूला घ्या

१२ नोव्हें., कामोठे
आज दत्ताची फ्रेम खाली काढली. मागे काळीकुट्ट ओल! वरच्यांच्या बाथरूमचं पाणी.
हा फ्लॅट गळ्यात मारला विलासदादाने. एजंट, आणि माझा सख्खा मामेभाऊ. "जुन्या मालकांची फ्रेम आहे सुमे, देवाला हलवू नये." मी मूर्ख! हात जोडले, भिंतीला हात लावला नाही. मेल्याने देवालाही सोडलं नाही. यापुढे तो नुसता ‘वि.’, दादा म्हणायची लायकी नाही त्याची.

१९ नोव्हें.
शैलाकडे गेले. ती जुने फ्लॅट घेते, दुरुस्त करून विकते. म्हटलं, मला शिकव. "आधी बाथरूम बघ, मग किचन. रंग, पीओपी सगळा मेकअप. दुरुस्तीचा खर्च काढ, मगच भावाचं बोल." टाइल टकटक वाजवून पोकळ ओळखायला लागले. पहिल्या अंदाजात मलबा खाली उतरवायची मजुरीच धरली नव्हती. हसत सुटली बाई.

२ डिसें.
वि.ने जुईनगरचा स्वतःचा फ्लॅट विकायला काढलाय. मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, घाई आहे. आई हळहळत सांगत होती. मला इकडे उकळ्या फुटत होत्या. मीच घेणार. भाव पाडून, नाक घासायला लावून.

७ डिसें.
जुईनगर. घरभर टकटक. वि. मागे मागे. "हे कधी शिकलीस गं?"
"तूच शिकवलंस."
बरं वाटलं.
पण बाथरूम चांगलं निघालं. किचनही. इतकी चीड आली! मग हॉलमधला देव्हारा दिसला. त्याच भिंतीमागे बाथरूम. म्हटलं, "देव बाजूला घ्या."
मामी गुडघे धरत उठली, एकेक देव पदरात घेतला. मी भिंतीवर हात फिरवला.
कोरडी. ठणठणीत.
तोंडातून निघालं, "ओल आहे."
वि.ने हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. मान खाली. "असेल. तू म्हणशील तो भाव."

८ डिसें.
उद्या सकाळी टोकन. शैलाला अंदाज पाठवला. "एका भिंतीला एवढा खर्च कसला?" विचारतेय. काय सांगू?
मघाशी मामीचा फोन. देव अजून खुर्चीवरच आहेत. "ओलीत कसे ठेवू गं? तुझा विलासदादा म्हणाला, सुमीला कळतं त्यातलं."