दहा सह्यांची अट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शिवयोग सार्वजनिक वाचनालय व सभागृह,
सोलापूर.

विषय : दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी 'डिजिटल कट्टा'साठी मिळणारे वरच्या मजल्यावरील सभागृह काढून न घेणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. ४७, दि. २९/०९/२०२५.

अर्जदार : प्रभुलिंग संगप्पा मैंदर्गी, वय २६, धंदा – फ्लेक्स डिझाईन, रा. साखर पेठ, सोलापूर.

महोदय,

अर्ज कसा लिहायचा ते मोबाईलवर बघून घेतलंय. वरचा भाग तसा जमला. खाली जमंल तसं लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्यावे.

१. नोटिशीत लिहिलंय की सलग तीन महिने हजेरीवहीत दहा सह्या भरल्या नाहीत, सबब या महिन्यापासून सभागृह दुसऱ्या संस्थेला देण्यात येईल. हे खरं आहे. जुलैत चार सह्या होत्या. सप्टेंबरात एक, ती माझी. ऑगस्टात दहा होत्या पण त्या आपण धरल्या नाहीत. बरोबर केलं. त्यातल्या नऊ मीच केल्या होत्या.

२. त्याचं कारण सांगतो. ते नऊ जण त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होते. पुण्यातून, हैदराबादेतून, एक जण बेंगळुरूतून. सगळे म्हणाले, "आमची सही तूच ठोक की." मी चार पेन बदलले. काउंटरवरच्या पद्मजाताईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "प्रभू, नऊ जणांचा हात एकसारखाच कसा रे थरथरलाय?" मग त्यांनीच वही मिटून ठेवली. त्यांच्यावर ठपका नको. चूक माझी आहे.

३. आपण एप्रिलात इथं आलात म्हणून कट्टा काय होता ते लिहितो. सोलापुरात मोबाईल आणि कॉम्प्युटरवर काम करणारी पोरं लई आहेत. कुणी लग्नाचे व्हिडिओ जोडतं, कुणी रील करतं, कुणी गावाच्या बातम्यांचं पेज चालवतं, कुणी दुकानांच्या वेबसाइट करतं. सगळी आपापल्या खोलीत बसून शिकलेली. मीपण तसाच. डिप्लोमा अर्धा सोडला, पुढचं फोननं शिकवलं. अडचण एकच की शेजारच्या गल्लीत कोण काय करतंय ते शेजारच्या गल्लीला माहीत नाही. म्हणून जून २०२३ ला मी फ्लेक्स लावला आणि पहिल्याच रविवारी एकोणीस जण आले. खुर्च्या कमी पडल्या. शिवशरण काकांनी, म्हणजे आपल्या वॉचमननी, खालून बाक आणून दिला.

४. आमची पद्धत अशी. भाषण नाही, पाहुणा नाही, हार नाही. एक लाकडी बोर्ड, त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. डावीकडं चिठ्ठी लावायची "मला येतं". उजवीकडं "मला पायजे". मग मी वाचत जायचं आणि ज्याला जे पायजे ते ज्याला येतं त्याच्या शेजारी नेऊन बसवायचं. अमरेशला एडिटिंग येत होतं, आवाज पायजे होता. अक्कलकोटच्या सिद्धेश्वरीला मराठी-कानडी दोन्हीत बोलता येत होतं, एडिटर पायजे होता. मी दोघांना खिडकीपाशी बसवलं. सहा महिन्यांत त्यांनी पुण्यात ऑफिस टाकलं. जाताना सिद्धेश्वरी म्हणाली, "प्रभूअण्णा, तुमच्यामुळं झालं बघा." मला बरं वाटलं. नंतर असंच एकेक जोडी जुळत गेली आणि एकेक जोडी गावाबाहेर गेली. म्हणजे कट्टा बंद पडत आलाय तो चालला नाही म्हणून नाही, चालला म्हणून. हा मुद्दा आपण विचारात घ्यावा.

५. माझीपण चिठ्ठी असते. पण आयोजकाची चिठ्ठी शेवटी वाचायची असा नियम मीच केला होता, लोकांना वाटू नये की स्वतःसाठी हॉल घेतलाय. ती वाचायची वेळ येईपर्यंत गेटवर चहा आलेला असतो आणि सगळे जिन्यावर असतात. एकदा अमरेश अर्ध्या जिन्यातून ओरडला, "प्रभ्या, तुझं काय राहिलं का रे?" मी म्हटलं, न्हाय, जा. अठ्ठावीस रविवार ती चिठ्ठी घडी घालून खिशात गेली. त्यावर लिहिलंय, "मला पायजे : सोबत बसून काम करणारा एक माणूस." हे नियमात बसत नाही, तरी लिहिलं.

६. कट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून २१४ जण आहेत. सप्टेंबरात विचारलं कोण कोण येणार, तर त्रेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. आमच्याकडं "येतो की" म्हणायचं असतं, त्याशिवाय माणूस तुटक वाटतो. हे मला माहीत असून मी पस्तीस खुर्च्या मांडल्या. चार ते सहा बसलो. सहाला परत रचून ठेवल्या. शिवशरण काका वर आले, खुर्च्यांकडं बघितलं आणि एका खुर्चीवर बसून म्हणाले, "चल, मला शिकीव काय ते." मी त्यांना फोनमधला आवाज कसा कमी-जास्त करायचा ते शिकवलं.

७. तरी सह्यांबाबत माझ्या विनंत्या अशा.
(अ) कॉलवर हजर असलेले लोक हजर धरावेत. चेहरा दिसतो, आवाज येतो, चहा तेवढा पोचत नाही.
(आ) ते नसेल तर शिवशरण काकांची सही धरावी. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मी वर सही केली तर गेटवर कोण होतं म्हणून मलाच नोटीस येईल. तुझी एक बास हाय की."
(इ) तेही नसेल तर खाली पेपर वाचणारे आठ-नऊ ज्येष्ठ नागरिक अर्धा तास वर बसावेत असा आदेश काढावा. पेपर वरच वाचावा. आम्ही त्रास देणार नाही.

८. (इ) का लिहिलं ते सांगितलं पाहिजे. वैरागला चनबसप्पा म्हणून एक जण आहेत. बियाण्याचं दुकान आहे, वय पन्नाशीच्या पुढं. आठवडी बाजाराचे व्हिडिओ टाकतात. बोलतात झकास पण वाऱ्यानं आवाज खाल्लेला असतो. त्यांनी माझा जुना फ्लेक्स कुणाच्या तरी फोटोत बघितला आणि फोन केला. म्हणाले, "तुमचा कट्टा अजून भरतोय व्हय? माझ्यासारखा म्हातारा चालतो का तितं?" मी म्हटलं, चालतो की. ते म्हणाले, "किती जण असता?" मी म्हटलं, असतो की पंचवीस-तीस.

फोन ठेवल्यावर हिशेब केला. ऑगस्टच्या नऊ सह्या वहीत केल्या होत्या, या पंचवीस तोंडानं केल्या. माणूस १२ तारखेला एसटीनं वैरागहून येणार आणि जिना चढून बघणार तर मी. म्हणून ज्येष्ठ नागरिक.

९. इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. मग चनबसप्पांना खरं कळवलं. लिहिलं की हल्ली मी एकटाच असतो आणि हॉलची नोटीस पण आली आहे, तुमची खेप वाया जाईल. तासाभरानं त्यांचं उत्तर आलं. ते जोडलंय, तरी इथं उतरवतो : "मग बरंच झालं. पंचवीस जनात माझ्या तोंडातून शब्द निघाला नसता. दोगं असलो तर नीट बोलता येईल. मी दुपारच्या गाडीनं येतो. दार तेवडं उगडं ठिवा."

१०. म्हणून विनंती क्र. ७ मधलं (अ), (आ), (इ) मी मागं घेतो. पुढच्या महिन्यांचंही मागणं नाही, ज्यांना द्यायचं त्यांना सभागृह द्यावं, बोर्ड मी उचलून नेतो. फक्त दि. १२ ऑक्टोबर, दुपारी चार ते सहा, एवढ्यापुरत्या दहाऐवजी दोन सह्या चालवून घ्याव्यात. दोन्ही ज्याच्या त्याच्या हातच्या असतील. पद्मजाताईंनी समोर उभं राहून बघावं.

आणि जमणार नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं. ते गाडीत बसायच्या आधी मला त्यांना सांगायला पाहिजे.

रविवारी साडेतीनपासून गेटवर असेन.

आपला नम्र,
प्रभुलिंग संगप्पा मैंदर्गी
सोलापूर, दि. ०६/१०/२०२५

सोबत :
१. नोटिशीची झेरॉक्स.
२. श्री. चनबसप्पा यांच्या मेसेजची प्रिंट. (त्यात त्यांचा नंबर दिसतोय, तो कुणाला देऊ नये.)