ऊब वाया गेली तरी चालेल

प्रिय आई,

तो गॅसचा हीटर आज माळ्यावरून पुन्हा खाली आला, म्हणून तुला लिहायला बसले. धाकटी जाऊ सुनीता काल बाळाला घेऊन दवाखान्यातून आली. तिला झोपवलंय तू राहिली होतीस त्याच खोलीत.

जुन्नरची थंडी तुला माहीतच आहे. पण घाटघरच्या आपल्या घरात तू शेगडी पेटवायचीस, तेव्हा धूर कौलांतून निघून जायचा. या फ्लॅटला कौलं कुठली? वर स्लॅब, खाली फरशी, एक सरकती खिडकी. तीही लावलेली!

माझ्या बाळंतपणाला आलीस आणि बाळाची ओली दुपटी हीटरपुढं वाळवत बसलीस. मी म्हटलं, "आई, खिडकी उघड थोडी."

"व्हय गं, पैशाची ऊब बाहेर घालवू? एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं!" आणि हसलीस. मग म्हणालीस, "डोकं लई जड झालंय. च्या टाक."

बाळ बाहेर सासूबाईंपाशी होतं. चहा गाळून आले, तर तू दुपट्यांवर मान टाकलेली. मला वाटलं, डुलकी लागली. का गं माझं ऐकलं नाहीस?

डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवा विषारी होते. वास नाही, धूर नाही, कळतच नाही. घरी येताना हे म्हणाले, "झटका आला म्हणून सांगायचं. उगाच घराला बोल नको."

तेव्हापासून गप्प आहे. देवापुढं दिवा लावतानासुद्धा आधी खिडकी बघते.

आज सासूबाई खिडकीच्या फटीत चिंधी कोंबत होत्या. "बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं." मी चिंधी ओढून काढली.

"वेड लागलं का गं?"

"माझी आई झटक्यानं गेली नाही. याच खोलीत, या हीटरनं गेली."

सुनीतानं बाळ छातीशी ओढलं. हे दारातूनच मागं फिरले. सासूबाई पुटपुटल्या, "ओल्या बाळंतिणीपुढं असलं बोलतात का!" पण हीटर बंद केला. खिडकी मात्र लावूनच घेतली. थंडी वाढली की पुन्हा पेटवतील, मला ठाऊक आहे.

आई, गिरिजात्मजाची शपथ, तो पेटला की ती खिडकी मी उघडणार. बोलू दे कुणाला काय बोलायचं ते. तुझी सगळी काटकसर पाळली, ही एवढी मोडते. रागावू नकोस.

तुझी,
मंगल