कोंड्याचा करार

१९ फेब्रुवारी

अकरा! एक नाही, दोन नाही, अकरा पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, निघाले माझ्या आतड्यातून. दुर्बीण घातली त्याच दिवशी काढले, पण रिपोर्ट आज हातात आला. कॅन्सर नाही. दोन मात्र त्या वाटेवर होते. वर्षाने पुन्हा दुर्बीण.

"वडील कशाने गेले?" पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं. ह्याच रोगाने, म्हटलं. अण्णा एकोणसाठाव्या वर्षी गेले. मी छप्पन्नचा. डॉक्टर म्हणाले, "सख्खी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करा. टाळू नका." भावंडं म्हणजे एकटी धाकटी.

जाता जाता म्हणाले, जेवणात चोथा वाढवा. कोंडा वगैरे. मला हसू फुटलं. तीस वर्षं गिरणी चालवतोय. पीठ चाळून कोंडा बाजूला काढायचा आणि पोती भरून गुरांच्या तोंडी घालायचा, हाच धंदा!

२१ फेब्रुवारी

धाकटीकडे, तिच्या पडद्यांच्या दुकानात गेलो. कापड कापत होती, तोंडात टाचण्या. सगळं सांगितलं. एकेक टाचणी काढून ठेवली आणि म्हणाली, "मला ती नळी घालून घ्यायची नाही, दादा."

अण्णांच्या शेवटच्या दिवसांत उशाशी ती होती. मी गिरणीत. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो. पन्नाशीची बाई, पण हट्ट सहा वर्षांच्या पोरीचा. मी तापलो. "मर मग!" म्हणालो — गिऱ्हाइकासमोर. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती.

२ मार्च

धाकटी आपणहून गिरणीत आली. पट्ट्याच्या आवाजात ओरडून म्हणाली, "करार करू. तू खातोस तो कोंडा मी पण खाईन. रोज. एक दिवस चुकवणार नाही. पण मी खातेय तोवर तू नळीचं नाव काढायचं नाहीस."

हो म्हटलं. खरं लिहायचं तर बरंच वाटलं. तिला ओढत नेण्याची कटकट मिटली, आणि औषध माझ्याच चाळणीतलं! आमची ही म्हणाली, "कोंड्यावर भागलं असतं तर डॉक्टरांनी तपासणी कशाला सांगितली असती?" हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.

१५ मार्च

कोंड्याची चव — पुठ्ठा. भिजवला की ओला पुठ्ठा.

३ एप्रिल

दर शनिवारी धाकटीला डबा. गिऱ्हाइकाला देतो तसला नाही. दोनदा चाळून, काडीकचरा वेचून, मंद आचेवर भाजून. इतक्या निगुतीने तर मी मुलीच्या लग्नाचीही कामं केली नव्हती. ही म्हणते, बहिणीचे लाड. असतील. अण्णांच्या वेळी काही केलं नाही, निदान एवढं तरी करतो.

२२ जुलै

पोट साफ, अंग हलकं. पीठ न्यायला येईल त्याला कोंड्यावर व्याख्यान. समोरचा सायकलवाला मला 'कोंडामास्तर' म्हणायला लागलाय. म्हणू दे!

१७ सप्टेंबर

धाकटी बारीक झालीय. म्हटलं, "वाळलीस की गं." "तुझीच करणी," म्हणाली आणि हसली. मीही हसलो.

५ डिसेंबर

डबा न्यायला आली. गिरणीच्या चार पायऱ्या, त्यात दोनदा थांबली. ओठसुद्धा पांढरे. विचारलं तर, "दिवसभर उभी असते, थकणार नाही तर काय?" ही रात्रीच्या जेवणाला पुन्हा तेच — तिला डॉक्टरकडे न्या. बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. शब्द दिलाय. ती एक दिवस चुकवत नाही, मग मी कोणत्या तोंडाने मोडू?

२४ फेब्रुवारी

चार नवे पॉलिप. चार!

डॉक्टरांवरच ओरडलो. "वर्षभर गुरासारखा कोंडा खाल्लाय मी!" ते शांतपणे म्हणाले, "खा की. तब्येतीला चांगलाच आहे. पण एकदा झालेले पॉलिप पुन्हा येणं त्याने थांबेल, असा भरवसा कुणी देऊ शकत नाही. तुम्ही वाचताय ते वेळेवर काढतो म्हणून." मग कागदावरून नजर न उचलता विचारलं, "बहिणीची तपासणी झाली ना?"

नाही म्हटलं. वर्षभर मी तिला काय देत होतो? भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२५ फेब्रुवारी

करार मोडला. सकाळी सातलाच तिच्या दारात. "चल." वाटलं, भांडेल, दार लावून घेईल. तिने मुकाट्याने चपला घातल्या. रिक्षात एवढंच म्हणाली, "बरं झालं तू बोललास."

४ मार्च

दुर्बीण पुढे जाईचना, एवढी मोठी गाठ. तुकडा तपासायला पाठवलाय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "गेल्या वर्षी आणलं असतं तर..." म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. घरी ही माझं ताट वाढते आणि आत निघून जाते. बोलली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गिरणी बंद ठेवली आहे.

११ मार्च

यकृतापर्यंत गेलाय.

दवाखान्याच्या बाकावर धाकटीने माझा हात धरला. "रक्त मे महिन्यापासून जातंय, दादा. मला वाटलं, कोंडा आत घासत असेल, त्याचंच. तुला सांगितलं असतं तर तू नळीचं नाव काढलं असतंस. म्हणून रक्त दिसलं, की दुसऱ्या दिवशी एक चमचा जास्त खायचे."