पुतळाबाईच्या दुधात पाणी नव्हते

मी, श्रीपत नागू रोकडे, वय ६८, धंदा पेन्शन आणि कुरकुर, राहणार कडाव, तालुका कर्जत, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (बायको स्वयंपाकघरात आहे) पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. राहते घर व दोन्ही म्हशी पत्नी पुतळाबाई हिला. मुलगा चंदर याने हरकत घेऊ नये. त्याला सायकल आणि माझे नाक आधीच मिळालेले आहे.

२. दूध तपासायचा लॅक्टोमीटर कोणालाही नाही. तो सरकारी होता, निवृत्तीच्या दिवशी जमा केला. पावती ट्रंकेत आहे.

३. छत्री शेजारच्या गजाला. काड्या मोडक्या आहेत, मला माहीत आहे. माझ्या बायकोला तो सव्वीस वर्षे ‘पाणीवाली वहिनी’ म्हणतो, त्याबद्दल हा आहेर.

४. आता मुख्य. १९५८ साली मी इथल्या सरकारी दूध केंद्राचा प्रमुख झालो. पहिल्याच सकाळी, भर रांगेत, पुतळाबाईचे दूध ‘पाणी घातलेले’ म्हणून परत केले. साहेब घरच्यांनाही सोडत नाही, असा दबदबा झाला. पुढे कोणी वशिला लावला नाही, भेसळ थांबली, केंद्र नावारूपाला आले. वरचे अधिकारी वह्या घेऊन यायचे, इतके चांगले कसे चालते म्हणून विचारायचे. मी ऐटीत सांगायचो, नियम आधी आपल्या घराला लावावा.

खरे असे की आमचे घर केंद्राला लागून. तिचे दूध धारोष्ण आले होते, आणि कोमट दुधात लॅक्टोमीटर पाणी घातल्यासारखाच जास्त बुडतो. हे मला आठ दिवसांनी कळले. मी गुपचूप ‘दूध निववून तपासावे’ असा हुकूम काढला. त्याचीही वाहवा झाली! चूक मात्र कबूल केली नाही. साहेबच चुकतो म्हटल्यावर केंद्राचा वचक जाईल, अशी भीती वाटली. भित्रा मेला मी! वचकाने केंद्र चालले, पण चुकलेला साहेब चुकलो म्हणाला असता तर आणखी चांगले चालले असते. बायकोची अब्रू गेली, आणि ती मी घालवली.

५. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ केंद्रावर, दूध घालायच्या वेळी, वाचून दाखवावे.

(लिहिता लिहिता मी मोठ्याने वाचत होतो. पुतळाबाई दारात येऊन उभी. म्हणाली, “मेल्यावर माफी मागता? आन मी आदी गेले तर? मला ऐकायचं हाय.”)

कलम ५ रद्द. उद्या सकाळी सहा वाजता मी स्वतः वाचणार. पुतळाबाईची एकच अट आहे: “त्या दिशी जेवढ्या मोठ्यानं बोल्लात, तेवढ्याच मोठ्यानं वाचा.”

सही: श्रीपत नागू रोकडे
साक्षीदार: धाकलू विठू ऐनकर, जयवंता दामू भोईर
कडाव, १२ जानेवारी १९८४