मद्रासच्या विमानातली एक जागा

७ नोव्हेंबर १९५५, सोमवार
आज जळगावात रुजू झालो. पिंपळनेरहून निघताना धाकधूक होती, पण गाव पाहून जीव हरखला. केवढे रस्ते, केवढी दुकानं! विमान तिकिटांची आमची कचेरी म्हणजे सरकीच्या दुकानावरची एक खोली. टेबल, टेलिफोन, भिंतीवर विमानाचं रंगीत चित्र. विमान मी जवळून कधीच पाहिलेलं नाही हे कळल्यावर मालक मगनभाई पोट धरून हसले.

काम सोपं आहे. इथली मंडळी मुंबईपर्यंत रेल्वेने जातात, पुढे विमानाने. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या विमानात किती जागा शिल्लक आहेत, ते रोज ट्रंककॉल करून मुंबईच्या कचेरीला विचारायचं. गिऱ्हाईक असलं तर त्याचं नाव कळवायचं आणि तिकीट लिहून द्यायचं.

१० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी कॉल नोंदवतो, तो दुपारी साडेतीनला लागतो. मुंबईला एक बाई बोलतात. स्वच्छ आवाज, अजिबात घाई नाही. "सहा जागा शिल्लक," एवढंच सांगतात. आज मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं नाही, माझं मात्र विचारून घेतलं.

खानावळीत खाली मान घालून जेवायचं आणि उठायचं. शेजारच्या खोलीला कुलूप. आई गेल्यापासून मला लीलाधर म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी फोन ठेवताना तशी हाक मारली. दिवसभर बरं वाटत राहिलं.

१४ नोव्हेंबर, दिवाळी
मगनभाई सुरतेला सासुरवाडीला गेलेत. खोलीवर करमेना, म्हणून दुपारी उगाच कचेरी उघडून बसलो. आज कॉल नोंदवलेला नव्हता. तरी साडेतीनला घंटी वाजली. सणाचा दिवस आणि एकटेच का, असं बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो. आपल्याकडेही कुणी नाही, असं त्या म्हणाल्या. ठेवताना त्यांनी सांगितलं, गुरुवारच्या विमानात एक जागा शिल्लक आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
रावेरचे चुडामणभाऊ आले. केळीचे मोठे बागायतदार. मद्रासकडे केळीची एक नवी जात आहे, तिचे कंद आणायला निघालेत. गुरुवारची जागा त्यांना दिली. विमानात पागोटं काढावं लागतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. जाताना मला डझनभर केळी देऊन गेले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
चुडामणभाऊंच्या मंडळी लताबाई आल्या होत्या. भाऊ मद्रासला पोचलेच नाहीत. ज्यांच्याकडे उतरायचे होते त्यांची तशी तार आली आहे. लताबाई रडल्या नाहीत. तिकीट तुम्हीच लिहिलं ना, एवढंच विचारलं. त्यांनी पोलिसांत वर्दी दिली. मी मुंबईच्या कचेरीला तार केली.

२४ नोव्हेंबर, गुरुवार
मुंबईचं पत्र आलं. सतरा तारखेचं विमान आठवडाभर आधीच भरलेलं होतं. चुडामण नावाचा प्रवासी यादीत नाही. आणि या महिन्यात जळगावहून त्यांना एकही फोन गेलेला नाही. त्यांच्या कचेरीत फोनवर बाई बसतच नाहीत.

तसाच उठून टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथले अभिमनभाऊ माझे कॉल लावतात. ते म्हणाले, "दुपारी मुंबईची लाईन मिळतच नाही. तुमचा कॉल मी रोज रद्द करतो." त्यांनी चिठ्ठ्या दाखवल्या. सगळ्यांवर रद्दचा शिक्का. मग मी बोलतो कुणाशी, असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
घंटी वाजली. चुडामणभाऊ कुठे आहेत, असं मी विचारलं. "बसले आहेत," बाई म्हणाल्या. मग नेहमीच्याच आवाजात — एक जागा शिल्लक.

२६ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी फोनची तार भिंतीतून उपटून काढली. साडेतीनला फोन वाजला.

वाईट याचं वाटतं की दिवसभर मी त्या घंटीचीच वाट पाहत होतो.

२८ नोव्हेंबर, सोमवार
धुळ्याच्या मंजुळाबाई आल्या. मुलगा पलटणीत, मद्रासच्या इस्पितळात, विषमज्वर. पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "मना पोर्‍या तठे एकलाच शे, भाऊ." विमानात जागा नाही, रेल्वेने जा, असं मी सांगितलं. तेवढ्यात घंटी. त्यांच्यासमोर फोन उचलावा लागला.

बाई म्हणाल्या, मंजुळाबाईंचं नाव लिहिलं. मी नाव सांगितलेलं नव्हतं. खोडा म्हणालो. लिहिलेली जागा रिकामी जात नाही, असं त्या म्हणाल्या.

समोर ती माउली पदर तोंडाशी धरून उभी. मी म्हणालो, "तिथे माझं नाव लिहा."

पलीकडे कागदावर लेखणी फिरल्याचा आवाज आला. मग —
"या, लीलाधर."

२९ नोव्हेंबर
मंजुळाबाईंना गाडीत बसवून दिलं. मनमाडला बदलायचं, ते तीनदा समजावलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.
मगनभाईंना चिठ्ठी लिहिली. दुसरं कुणी कळवण्यासारखं नाही.

३० नोव्हेंबर, मुंबईच्या गाडीत
मी गेलो नाही तर मंजुळाबाईंचं नाव परत लिहिलं जाईल. शिवाय चुडामणभाऊ — कुणीतरी शोधायला हवंच.
चाळीसगाव आलं. सगळा डबा उतरला. चढलं कुणीच नाही.

साडेतीन. लख्ख ऊन.
पलीकडच्या बाकावर कुणीतरी — पागोटं आहे. चुडामणभाऊच. हाक मारली. मान वळवत नाहीत. त्यांच्यापुढेही माणसं आहेत, सगळी ताठ, सगळ्यांची तोंडं पुढे —

रुळांचा आवाज थांबला. गाडी थांबलेली नाही. खिडकीतून झाडं दिसत नाहीत. खाली, फार खाली —

बाई आल्यात. मागून. एकेका बाकाशी थांबून मोजताहेत. वळून बघायचं नाही. माझ्या मागच्या बाकापर्यंत —

आता माझ्या