डबीतली गोळी

३ जून
मेहुणा जेवायला आला होता. बीपीसाठी जेनेरिक गोळी घेतो. औषध तेच असतं, फक्त मोठ्या कंपनीचं नाव नसतं, असं मलाच समजावत होता. मी वर्षानुवर्षं नामांकित कंपनीची गोळी घेणारा माणूस. बायकोने भावाची री ओढली. सख्ख्या बायकोने.
असो. मी खुल्या मनाचा आहे. उद्यापासून आठवडाभर जेनेरिक घेऊन ती कुचकामी आहे हे सिद्ध करणार.

४ जून, सकाळ
गोळ्या बायकोच आणते, डबीत भरते. मी लक्ष घालत नाही. संसारात विश्वास लागतो. आज डबीत जेनेरिक आहे म्हणाली. दिसायला हुबेहूब माझ्या गोळीसारखी. नक्कल करावी तर अशी.

दुपार
चक्कर. कान गरम. उजवा पाय जड.

६ जून
छातीत धडधड. बायकोला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. मशीनवर बीपी नेहमीसारखंच. मशीनही त्यांना सामील.

७ जून
प्रयोग बंद. आठवडा ठरला होता, पण शास्त्रासाठी जीव देण्यात अर्थ नाही. बायकोला म्हटलं, माझी गोळी दे. तिने दिली. अर्ध्या तासात तरतरी. मेहुण्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं.

९ जून
कंपनीची गोळी भरपूर घेऊन ठेवावी म्हणून स्वतः मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, वहिनी गेल्या वर्षापासून जेनेरिकच नेतात की. डॉक्टरांनीच बदलून दिली ना.
घरी येऊन जाब विचारला. बायको म्हणाली, तेव्हा सांगितलं असतं तर तेव्हापासूनच चक्कर आली असती. मेहुण्याला ठाऊक. लेकीला ठाऊक. डॉक्टर माझं बीपी बघून हसायचे, ती मला आपुलकी वाटायची. गोळीचं एक वेळ सोडा. पण वर्षभर घरात मी एकटाच येडा होतो, हे फार लागलं.
उद्यापासून अबोला. निदान महिनाभर. तिला कळलंच पाहिजे.

१० जून, संध्याकाळ
सकाळपासून एक शब्द बोललो नाही. चहासुद्धा मुकाट्याने घेतला.
आत्ता बायको लेकीला फोनवर सांगत होती, बाबा आज अगदी छान आहेत. दिवसभरात एकदाही काही होतंय म्हणाले नाहीत. मानवली एकदाची गोळी.